चौसष्टच्या पुढची टिकटिक

"चौसष्ट!" शंकासुराने पडद्यावरचा आकडा वाचला. "अजूनही चौसष्टच!"

"नीट वाच," टेबलाखालून पानाचा आवाज आला. "एकशे अठ्ठावीस असेल."

"मला सहा आणि चार ओळखता येतात गं! आधी सहा, मग चार. चौसष्ट!"

पाना टेबलाखालून बाहेर आली. केसांत धूळ, हातात स्क्रू-ड्रायव्हर. कॉम्प्युटरचा डबा उघडाच होता. आत हिरव्या मदरबोर्डवर मेमरीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक जुनी, चौसष्टची. दुसरी कालच बसवलेली, तीही चौसष्टचीच. एवढी बेरीज दुसरीतल्या मुलालाही आली असती. कॉम्प्युटरला मात्र येत नव्हती.

"परत लावू," पाना म्हणाली.

"चार वेळा लावून झाली."

"मग पाचव्यांदा!"

खिडकीजवळच्या स्टुलावर कानसेन बसली होती. ती तेरा वर्षांची होती आणि तिला जन्मापासून दिसत नव्हतं. जिन्यावर पाय वाजले की कोण येतंय, घाईत आहे की रागात, हे ती दार उघडण्याआधी सांगायची, म्हणून ती कानसेन. शंकासुर हा तिचा मावसभाऊ, वय अकरा. त्याला दर वाक्यावर एक शंका यायची. पाना शेजारची, बारा वर्षांची. तिच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि घरातली एकही वस्तू तिने उघडल्यावाचून सोडली नव्हती.

सुट्टीचे शेवटचे दहा दिवस उरले होते आणि तिघं ते ब्रेल छापखान्यात घालवत होते, कारण शंकासुराची आई, म्हणजे कानसेनची मावशी, तिथे पुस्तकं बांधायची.

छापखाना म्हणजे वाचनालयाच्या मागच्या तीन खोल्या. एकीत कागद आणि बांधणी, एकीत व्यवस्थापक आणि तिसरीत यंत्रं. ब्रेलच्या प्रिंटरला शाई लागत नाही. तो जाड कागदावर ठिपके उठवतो आणि तेव्हा एवढा खडखडाट करतो की शेजारच्या खोलीत ओरडून बोलावं लागतं. हा प्रिंटर फक्त या जुन्या कॉम्प्युटरशी जोडला जायचा. त्याच्या रुंद तारेला बसेल असं तोंड नव्या कॉम्प्युटरांना नसतं. नवी जोडी पुढच्या वर्षी मंजूर होणार होती.

सातवीपर्यंतची पुस्तकं या कॉम्प्युटरने निमूट छापली होती. आठवीच्या विज्ञानात आकृत्या फार. तिसऱ्या धड्याशी आलं की पडद्यावर पाटी यायची : मेमरी अपुरी आहे. म्हणून तर नवी पट्टी आणली होती.

पुस्तक आलं नाही तर काय होणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. शाळेच्या बाईंनी कानसेनच्या बाबांना सांगितलं होतं, "पुस्तकं असतील तर ती आमच्याकडेच शिकेल. नसतील तर वर्षभर दुसऱ्याने वाचून दाखवलेलं ऐकत बसेल. ते मला पटत नाही." बाबांनाही ते पटलं नव्हतं. आठ तासांवरच्या एका गावी अंध मुलींची निवासी शाळा होती. तिथला अर्ज भरून, सही करून बाबांच्या टेबलाच्या खणात ठेवलेला होता. तो शनिवारी पोस्टात पडायचा होता.

आज बुधवार होता.

पाचव्यांदा पट्टी लावून झाली. पानाने तिचे पितळी दात खोडरबराने घासले. दोन्ही पट्ट्यांच्या जागांची अदलाबदल केली.

"चौसष्ट," शंकासुर म्हणाला. या वेळी तो ओरडलाही नाही.

---

गुरुवारी सकाळी दुरुस्तीवाले होऊन-जाईल काका आले.

त्यांचं खरं नाव बिलावर असेल. छापखान्यात त्यांना कुणी त्या नावाने ओळखत नव्हतं. पंखा बंद पडो, कुलूप अडको की कॉम्प्युटर, काका म्हणायचे, "होऊन जाईल!" आणि बऱ्याचदा ते दुसऱ्या कुणीतरी केल्यावर व्हायचं.

"काय म्हणतंय म्हातारं?" काकांनी विचारलं.

"काका, चौसष्टच दाखवतंय," पाना म्हणाली. "मी खाचा साफ केल्या, पट्ट्या बदलून बघितल्या..."

"तू?" काका हसले. "अगं, हे सायकलचं पंक्चर नाही!"

"पंक्चर निदान कुठे आहे ते कळतं," पाना पुटपुटली.

काकांनी एक्स्टेन्शन बोर्डचं बटण दाबलं. या खोलीत सगळं त्या एकाच बटणावर चालायचं. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर, सगळे एकदम जागे व्हायचे आणि संध्याकाळी एकदम झोपायचे. मॉनिटर जुना, जाडजूड काचेचा. त्याच्यावर चित्र उमटायला अर्धं मिनिट लागायचं. काका तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेले.

काळ्या पडद्यामागे कॉम्प्युटर टिकटिकू लागला. टिक-टिक-टिक-टिक, भराभर, जणू कुणी नखाने टेबल वाजवतंय. मग थांबला.

कानसेनने मान वळवली.

काका परत आले तोवर नेहमीचा पडदा दिसत होता. त्यांनी दोनतीन ठिकाणी दाबलं, आकडा बघितला आणि हात झटकले.

"संपलं! मदरबोर्ड गेला. नवी पट्टी त्याला दिसतच नाही. आंधळाच झालाय तो."

मग त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं आणि ते घाईने खोकले.

"असू दे काका," कानसेन शांतपणे म्हणाली. "पण आंधळ्याला मोजता येतं."

"काय?"

"काही नाही."

व्यवस्थापक दारात उभे होते. उंच, बारीक, खिशाला दोन पेनं. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटायची : अर्जातला रिकामा रकाना. "गेला म्हणजे नक्की गेला ना?" त्यांनी विचारलं. "तसं लिहून द्याल?"

"देतो की!"

"मग मोडीत काढू. भंगारवाला उद्या चार वाजता जुनी कपाटं न्यायला येतोच आहे. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर, तिन्ही."

"साहेब!" मावशी बांधणीची सुई हातात घेऊनच आत आली. "प्रिंटर चांगला आहे! आणि माझ्या भाचीचं पुस्तक..."

"बाई, मला कळतं. पण कॉम्प्युटरशिवाय प्रिंटर काय कामाचा? पुढच्या वर्षी नवीन येईल. तेव्हा पहिलं पुस्तक तिचंच, शब्द देतो."

"पुढच्या वर्षी ती नववीत असेल," मावशी म्हणाली.

 व्यवस्थापक मोडीचा अर्ज आणायला गेले.

---

"कॉम्प्युटर खोटं बोलतोय," कानसेन म्हणाली. दुपारचे दीड वाजले होते. मोठी माणसं जेवायला गेली होती.

"कॉम्प्युटर खोटं बोलतो?" शंकासुराने लगेच विचारलं. "कसा? कुणाशी? कशासाठी?"

"एक एक विचार रे! हे बघ, मी पाच वर्षांची असल्यापासून या खोलीत बसते. सुरू होताना तो टिकटिकतो. मी रोज मनात मोजायचे. दहा म्हटलं की टिकटिक संपायची. रोज दहा. काल तुमच्या आरडाओरड्यात ऐकू आलं नाही. आज सकाळी वीस झाले."

पानाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "दुप्पट!"

"मेमरीही दुप्पट," कानसेन म्हणाली.

"तू हळू मोजलं असशील," शंकासुराने शंका काढली.

"मग घड्याळ लाव."

त्यांनी घड्याळ लावलं. दोन्ही पट्ट्या ठेवून : एकोणीस सेकंद. बटण बंद. पानाने नवी पट्टी काढली. पुन्हा सुरू : साडेनऊ सेकंद. पट्टी परत लावली : एकोणीस.

"अरे!" शंकासुर उडालाच. "तो मोजतोय! त्याला पट्टी दिसतेय!"

"मग हे कुणाला कसं कळलं नाही?" पाना म्हणाली आणि तिनेच कपाळावर हात मारला. "मॉनिटर! मॉनिटर जागा होईपर्यंत मोजणी संपलेली असते! थांबा, आता मॉनिटर चालू ठेवून नुसता कॉम्प्युटर परत सुरू करते."

तिने डब्यावरचं छोटं बटण दाबलं. या वेळी पडदा आधीपासून जागा होता. काळ्यावर पांढरे आकडे भराभर वर पळाले, एका पट्टीच्या पासष्ट हजारांपाशी थांबले नाहीत, पुढे गेले, पुढे गेले आणि थांबले.

"एक लाख एकतीस हजार बहात्तर!" शंकासुराने वाचलं. "हे तर दुप्पट!"

तिघं ओरडत व्यवस्थापकांच्या खोलीत घुसले. ते नुकतेच परतले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. उठून आले, पळणारे आकडे बघितले, चष्मा पुसून पुन्हा बघितले.

"बरं. सुरुवातीला मोजतो. मग आत गेल्यावर किती म्हणतो?"

शंकासुराने आतला आकडा उघडला.

"चौसष्ट," तो हळूच म्हणाला.

"आणि पुस्तक उघडतं?"

पानाने आठवीचं विज्ञान उघडलं. पहिला धडा. दुसरा. तिसरा. मेमरी अपुरी आहे.

"बाळांनो," व्यवस्थापक म्हणाले, "दारात उभं राहून मोजलं आणि घरात घेतलंच नाही, तर त्याचा उपयोग काय?" आणि ते गेले. अर्ज त्यांच्या टेबलावर होता. सगळे रकाने भरत आले होते.

त्या दुपारी त्यांना सुचेल ते सगळं त्यांनी केलं. पानाने वडिलांच्या दुकानात येणाऱ्या एका कॉलेजच्या दादाला गाठलं. तो म्हणाला, असलं यंत्र त्याने चित्रातही पाहिलेलं नाही. शंकासुराने विचारलं, आधी इथे काम कोण करायचं?

"अण्णा," मावशी म्हणाली. "त्यांनाही दिसत नव्हतं. वीस वर्षं हा प्रिंटर त्यांनीच चालवला. यंत्र बोलायचं आणि अण्णा ऐकायचे. फार काटेकोर माणूस! काय बिघडलं, कुणी काय केलं, सगळं लिहून ठेवायचे. निवृत्त झाल्यावर लेकीकडे गेले."

"लिहिलेलं कुठे आहे?"

"मी शोधलं नाही असं वाटतं का तुला? कपाटात नाही. त्यांच्या जागी आलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात सगळं आवरलं आणि तीन महिन्यांत तोही नोकरी सोडून गेला."

व्यवस्थापकांकडे अण्णांचा एक फोन नंबर होता. शंकासुराने तो सहा वेळा लावला. सहा वेळा एकाच बाईने सांगितलं की हा क्रमांक अस्तित्वात नाही.

घरी जाताना कानसेन मध्येच थांबली.

"तिकडे म्हणे खोलीत सहाजणी असतात," ती म्हणाली. "पत्र लिहाल ना मला?"

"आम्हाला ब्रेल कुठे येतं?" शंकासुर म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. इतक्या वर्षांत ही शंका त्याला कधीच आली नव्हती.

पाना दगडाला लाथ मारत पुढे चालत राहिली.

---

शुक्रवारी खोली रिकामी करायचं काम मुलांनीच मागून घेतलं. निदान शेवटी आपल्या हाताने, असं पाना म्हणाली. प्रिंटरची रुंद तार तिने गुंडाळून दोऱ्याने बांधली. मॉनिटरवर शंकासुराने जुनी चादर टाकली. तीन वाजून दहा मिनिटांनी डब्याची पाळी आली.

जमिनीला ओल असायची म्हणून डबा कागदांच्या एका जाड गठ्ठ्यावर ठेवलेला होता. छापखान्यात बिघडलेले ब्रेलचे कागद कधी फेकत नसत. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली, खडखडणाऱ्या प्रिंटरखाली, दाराच्या फटीत, सगळीकडे तेच. डोळसांच्या लेखी ते नुसते खडबडीत कोरे कागद होते.

"मी उचलते, तू गठ्ठा काढ," पाना कानसेनला म्हणाली.

कानसेनने गठ्ठा ओढला. बोटं कडेवर फिरली आणि थबकली.

"हे प्रिंटरचं नाही."

"मग?"

"प्रिंटरचे ठिपके एकसारखे असतात. हे हाताने टोचलेत. कुणाचं तरी अक्षर आहे हे! आणि हे शिवलेलं आहे. ही वही आहे!"

शंकासुर खाली वाकला. "अण्णांची?"

कानसेनने जमिनीवर मांडी घातली आणि पहिलं पान उघडलं. बोटं ओळीवर धावली. मग धाव मंदावली. मग थांबली.

"सपाट झालंय," ती म्हणाली. "इतकी वर्षं डब्याचं वजन. ठिपके दबलेत. कडेची दोन-दोन अक्षरं लागतात, बाकी नुसता कागद."

"दुसरं पान बघ! शेवटचं बघ!"

"सगळी तशीच आहेत रे!"

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. भंगारवाला वेळेआधीच आला होता. तीन वाजून बावीस मिनिटं.

कानसेनने वही मिटली. ती रडली नाही, पण तिचे हात वहीवर असे पडले होते की पानाने तोंड फिरवलं.

"एक विचारू?" शंकासुर म्हणाला.

"आता नको रे," पाना म्हणाली.

"पण ऐक तर! ठिपका वर उठतो तेव्हा मागे खड्डा पडतो ना? वरचा ठिपका दबला. खड्डा भरला का?"

कानसेनने मान वर केली.

तिने वही पुन्हा उघडली आणि पान उलटं केलं. मागच्या बाजूने बोटाची नुसती अणी फिरवली. कागदात टोचणीची टोकं रुतली होती, तिथे कडा अजून शाबूत होत्या. अगदी बारीक, सुईच्या छिद्राएवढ्या, पण होत्या!

"उलटं आहे," ती पुटपुटली. "उजवीकडून डावीकडे. आरशातल्यासारखं."

"म्हणजे वाचता येणार नाही?"

"येईल! हाताने ब्रेल लिहितात ते असंच! कागदाच्या मागून टोचतात, उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं. आम्ही सगळ्यांनी शाळेत तसंच गिरवलंय. मला वाचायचं नाहीये. अण्णांनी जसं लिहिलं, तसं लिहीत जायचंय!"

"मेमरी शोध," पाना म्हणाली. "पट्टी शोध. लवकर!"

पानं उलटत गेली. प्रिंटरला तेल. पंखा बदलला. कागद ओला आला, परत पाठवला. प्रत्येक नोंदीखाली तारीख. बाहेर वाचनालयाच्या जिन्यावर जड पावलं वाजत होती, वरची कपाटं उतरत होती.

"थांबा," कानसेन म्हणाली. ती एक-एक शब्द सुटा सुटा बोलू लागली. "दुसरी... पट्टी... बिघडली. यंत्र मध्येच बंद पडते. दुरुस्तीवाले आले. चौसष्टच्या पुढची मेमरी... वापरू नये... अशी यंत्राला सूचना दिली. दोन दिवसांनी बिघडलेली पट्टी काढली. सूचना... तशीच आहे."

तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

"नवी पट्टी बसेल तेव्हा सूचना काढणे. विसरू नये."

"म्हणजे कुणीतरी त्याला बंदी घातली होती!" शंकासुर किंचाळला. "तो मोजतो, पण वापरायची परवानगी नाही!"

"कुठे काढायची सूचना?" पानाने विचारलं.

"जागा : स्टार्ट. रन. मग इंग्रजी अक्षरं आहेत. एम, एस, सी, ओ... इथे फाटलंय... एफ, आय, जी."

"एम, एस, को-काहीतरी-फिग... कॉन्फिग! मध्ये एन हवा!"

"मग 'प्रगत' असं बटण. त्यात शेवटच्या रकान्यांत मेमरीची मर्यादा. बरोबरची खूण काढणे."

पानाने घड्याळ बघितलं. चारला बावीस मिनिटं होती. तेवढ्यात भंगारवाल्याची दोन माणसं दारात आली.

"हेच का ते?"

"हात लावू नका!" पाना डब्यावर बसली.

व्यवस्थापक आणि मागोमाग होऊन-जाईल काका आत आले. व्यवस्थापकांच्या हातात अर्ज होता. "उठ बेटा. काल समजावलं ना मी?"

"साहेब, उपाय सापडलाय! दहा मिनिटं द्या!"

"काल दुपारीही सापडला होता. उठ."

शंकासुर मान तिरकी करून अर्जाकडे बघत होता.

"साहेब, एक शंका आहे," तो म्हणाला. "खालून तिसरा रकाना रिकामा कसा?"

व्यवस्थापकांचा चेहरा पांढरा पडला. "कुठला?"

"'मोडीत काढण्याच्या दिवशी केलेली शेवटची तपासणी, वेळ आणि तपासणाऱ्याची सही.' त्याच दिवशी असं लिहिलंय. काकांनी काल बघितलं होतं. आज तर यंत्र सुरूच केलेलं नाही."

व्यवस्थापकांनी रकाना वाचला. पुन्हा वाचला.

"करा तपासणी," ते काकांना म्हणाले.

"अहो, हो करतो! आत्ता होऊन..."

"तुम्ही करा," कानसेन म्हणाली. "फक्त आम्ही सांगतो तसं."

पानाने तारा जोडल्या. मॉनिटरची तार दोनदा चुकली. बटण दाबलं. एकोणीस सेकंद टिकटिक. काका खुर्चीवर बसले. स्टार्ट. रन. शंकासुराने एक-एक अक्षर सांगितलं. 'प्रगत' उघडलं. शेवटच्या ओळीत बरोबरची खूण होती आणि पुढे चौकटीत आकडा : ६४.

काकांचा हात माउसवरच राहिला.

"हे... हे मी केलं होतं," ते म्हणाले. "किती वर्षं झाली. पट्टी खराब होती, यंत्र सारखं अडकायचं. अण्णा म्हणाले होते, लिहून ठेवा. मी म्हटलं, लक्षात राहील."

"त्यांच्या लक्षात राहिलं," कानसेन म्हणाली.

काकांनी खूण काढली. यंत्र पुन्हा सुरू झालं. शंकासुर आकडा वाचायला वाकला आणि त्याला बोलताच येईना.

"अरे, सांग ना!" कानसेन ओरडली.

"एकशे अठ्ठावीस!"

"पुस्तक उघड," पाना म्हणाली. तिला अजून खरं वाटत नव्हतं. पहिला धडा. दुसरा. तिसऱ्यापाशी यंत्र थांबलं. पडद्यावरचं वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. भंगारवाल्याने चुळबुळ केली. मग हृदयाची आकृती हळूहळू, ठिपक्याठिपक्याने उमटली.

पानाने प्रिंटरच्या तारेचा दोरा दातांनी तोडला.

तिसऱ्या धड्यापासूनच खडखडाट सुरू झाला. भिंती हादरल्या. मावशी शेजारच्या खोलीतून धावत आली आणि दारातच थांबली. पहिला कागद बाहेर आला. कानसेनने तो पडायच्या आत झेलला.

---

कानसेनचे बाबा साडेपाचला तिला न्यायला आले. टेम्पो जुनी कपाटं घेऊन केव्हाच गेला होता. पुस्तकाच्या चार खंडांपैकी पहिल्याची अकरा पानं झाली होती. यंत्र किती दिवस टिकेल, उरलेलं सगळं छापून होईल का, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. काका रोज येऊन बसेन म्हणाले होते. त्या वाक्यात 'होऊन जाईल' नव्हतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

बाबांनी एक कागद हातात घेतला. त्यांना तो वाचता येत नव्हता. ते अंगठा फिरवत राहिले.

"वाच ना," ते म्हणाले.

तिने वाचलं. हृदयाला चार कप्पे असतात, इथपासून पान संपेपर्यंत.

बाबांनी कागद हळूच टेबलावर ठेवला. मग त्यांनी तिचा हात धरला. "उद्या मला पोस्टात जायला जमणार नाही," ते म्हणाले. "आणि अर्ज काय, खणात पडून राहिला तर कुजत नाही."

पुढच्या शनिवारचं कुणी काही बोललं नाही.

वहीच्या शेवटच्या पानाच्या मागे कानसेनला आणखी एक ओळ सापडली होती : काही अडल्यास. आणि एक फोन नंबर. मावशीने तो लावला. अण्णांच्या लेकीने उचलला आणि अण्णांच्या हातात दिला. व्यवस्थापकांनी त्यांना सगळं सांगितलं. "अण्णा, या तीन मुलांनी मला मोठ्या चुकीतून वाचवलं," ते म्हणाले. "मी अर्ज भरत होतो आणि ही मुलं यंत्राचं ऐकत होती."

"मुलीला द्या फोन," अण्णा म्हणाले.

कानसेनच्या मांडीवर वही होती. हाताने ब्रेल लिहायची खाचांची पाटी आणि टोचणी मावशीने शोधून दिली होती. तिने त्या दिवसाची नोंद लिहून ठेवली होती. ती तिने फोनवर वाचून दाखवली :

"नवी पट्टी बसवली. चौसष्टची सूचना काढली. यंत्र एकशे अठ्ठावीस दाखवते. काम करणारे : दुरुस्तीवाले काका, पाना, शंकासुर आणि मी."



"तारीख राहिली," अण्णा म्हणाले.

"लिहिते."

"आणि वही डब्याखाली ठेवू नका."

"नाही ठेवणार."

"बाळ," अण्णा म्हणाले, "वीस वर्षं लिहिली ती. कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं. चांगलं वाचलंस."

फोन ठेवल्यावर शंकासुराने वही आपल्याकडे ओढली, डोळे मिटले आणि बोट ओळीवर ठेवलं.

"हे पहिलं अक्षर कुठलं?" त्याने विचारलं. "आणि दुसरं? आणि मध्ये मोकळी जागा का सोडलीये?"

"एक एक विचार रे!" कानसेन म्हणाली आणि तिने त्याचं बोट धरून पहिल्या ठिपक्यावर नेलं.